अडीच सेकंदांचा अभ्यास: सिव्हिलच्या एका मुलीला पत्र

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. सिव्हिलची डिग्री हातात आली आणि आता मानसशास्त्राची ओढ लागलीय. घरचे म्हणतात, एवढी फी भरली ती यासाठी का? कुठलं सोडू, असं तू विचारलंस. काहीही सोडू नकोस. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात काम करायचं तर तुला दोन्ही लागणार आहे, आणि दोन्ही जाणणारी माणसं आपल्याकडे फार थोडी आहेत.

आधी तुझंच हायवे इंजिनिअरिंगचं पुस्तक उघड. गाडी थांबवायला पुढचा किती रस्ता दिसायला हवा, हे काढताना ड्रायव्हरच्या प्रतिक्रियेसाठी अडीच सेकंद धरतात. ताशी ८० किलोमीटर वेगाला ते अंतर १२० मीटर धरलं जातं, आणि त्यातले जवळजवळ ५५ मीटर ब्रेकवर जोर पडण्याआधीच संपलेले असतात. समोर काहीतरी आहे हे जाणवणं, ते काय आहे ते कळणं, मनात भीती किंवा घाई उमटणं, मग काय करायचं ते ठरणं. हे सगळं, या चार पायऱ्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून, ‘पीआयईव्ही’ या नावाखाली सगळेच पाठ करतात, पेपरात लिहून येतात आणि चोर्ला घाटाच्या वळणावर झाडी किती छाटायची हे ठरवताना विसरतात. जवळजवळ निम्मं अंतर माणसाच्या डोक्यात खर्च होतं, हे एकदा मनात बसलं की तू डांबराकडे बघतेस तितक्याच बारकाईने ड्रायव्हरकडेही बघशील.

मुंबईत वडाळ्याजवळ रूळ ओलांडताना माणसं मरायची. रूळ ओलांडू नये हे त्यांना ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? २०१० च्या सुमारास ‘फायनल माइल’ या संस्थेने मध्य रेल्वेबरोबर तिथे एक प्रयोग केला. मोठी वस्तू अंगावर येत असली की ती आहे त्यापेक्षा हळू येतेय असं डोळ्याला वाटतं. हर्शेल लायबोविट्झ या मानसशास्त्रज्ञाने १९८५ साली रेल्वे फाटकांच्या संदर्भात हे मांडलं होतं. वडाळ्याला ‘फायनल माइल’वाल्यांनी रुळांखालचे काही स्लीपर पिवळेधमक रंगवले. गाडी येताना ते पट्टे एकामागून एक तिच्याखाली गडप होताना दिसतात आणि वेगाचा अंदाज येतो. एका लांबलचक हॉर्नऐवजी दोन तुटक हॉर्न द्यायला लावले, कारण मधल्या क्षणभराच्या शांततेने कान टवकारतात. आणि सूचनेच्या पाटीऐवजी गाडीखाली सापडणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याचे फोटो लावले. मृत्यू बरेच घटले. खर्च रंगाचा आणि फोटोंचा. पूल बांधू नयेत असं मी म्हणत नाही, पण पूल होईपर्यंतची वर्षंही माणसांचीच असतात.

आता बेळगावच्या टिळकवाडीतल्या रेल्वे गेटपाशी उभी राहा. गेट पडलं की दुचाकीवाले वाकून आत शिरतात, दोन्ही बाजूंची वाहनं अख्खा रस्ता अडवून समोरासमोर उभी राहतात आणि गेट उघडल्यावर कुणालाच हलता येत नाही. लोक बेशिस्त आहेत, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण किती वेळ थांबायचं हे माहीत नसलं की थांबणं फार लांबतं. रांगेतल्या माणसाच्या मनाबद्दल डेव्हिड मेस्टरने १९८५ साली हेच लिहिलंय. गाडी कुठवर आली हे गेटमनला कळलेलं असतं, रस्त्यावरच्या माणसाला नाही. अजून किती मिनिटं, एवढं दाखवणारा एक बोर्ड आणि आपली बाजू सोडू नये म्हणून गेटआधी थोडा दुभाजक. दंडाच्या पावत्या फाडण्याआधी हे करून पाहावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

उसाचा हंगाम सुरू झाला की निपाणी-चिकोडी भागात दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर कारखान्याच्या वाटेला असतात. मागून येणाऱ्याला अंधारात फार तर एक लाल ठिपका दिसतो. तो ठिपका आपल्यापेक्षा किती हळू चाललाय, हे लांबून डोळ्याला ओळखताच येत नाही. ट्रेलरच्या मागे डाव्या-उजव्या दोन्ही टोकांना रिफ्लेक्टर असतील तर त्या दोन ठिपक्यांमधलं अंतर वाढताना दिसतं आणि आपण जवळ येतोय हे वेळेत कळतं. रस्ता आखणाऱ्याने इथून पुढचा विचार करायचा: कारखान्याच्या फाट्यावर दिवे, आणि ट्रॅक्टर बाजूला घेता येईल एवढी पक्की साइडपट्टी.

पुराचं तर विचारूच नकोस. कृष्णाकाठी २००५ चा महापूर ज्यांनी पाहिला, त्यांच्या मनात त्या पाण्याची रेघ कायमची बसली. ‘तेव्हा आमच्या पायरीला लागलं नव्हतं, आता कशाला लागतंय’ म्हणत माणसं घरात बसून राहतात. २०१९ साली अनेक ठिकाणी पाणी त्या रेघेच्या वर गेलं. याला हट्ट म्हणू नकोस. जे डोळ्यांनी पाहिलं त्यावरूनच माणूस पुढचं जोखतो, हे अमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानमन यांनी १९७०च्या दशकातच दाखवलंय. त्यात आपण इंजिनिअर लोक सांगतो काय, तर ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’. ऐकणारा म्हणतो, म्हणजे आता आपल्या हयातीत नाही! खरं तर त्याचा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता. तीस वर्षं धरलीस तर ती २६ टक्क्यांवर जाते. तेव्हा असं सांग: ‘घराचं कर्ज फिटेपर्यंत तुमच्यासारख्या चार घरांतल्या एका घराला हे पाणी बघावं लागेल.’ गणित तेच, पण आता ते घरात शिरतं. आणि पुराच्या खुणा गावातल्या खांबांवर, देवळाच्या भिंतीवर रंगवून घे, २०१९ च्या सुद्धा.

पाण्याचंच आणखी एक. डिझाइन करताना तू माणशी रोज १३५ लिटर धरतेस. पण ज्या घरी काही दिवसांआड नळ येतो, तिथे पाणी सुटल्याबरोबर आधीचं उरलेलं शिळं म्हणून ओतून देतात आणि पिंपापासून तपेलीपर्यंत सगळं पुन्हा भरून ठेवतात. बेळगावच्या काही वॉर्डांत चोवीस तास पाण्याची योजना प्रायोगिक म्हणून राबवली गेली, तेव्हा पाइप आणि मीटर हा कामाचा एक भाग होता. नळ उद्याही येणार हा भरवसा घरातल्या बाईला वाटणं हा दुसरा, आणि त्याला वेळ लागतो. नळ एकदा जरी न सांगता बंद राहिला की पिंपं पुन्हा भरली जातात. म्हणून मी देखभालीचा आणि आगाऊ सूचनेचा खर्च डिझाइनचाच भाग मानतो.

जमिनीचा विषय नाजूक आहे, पण तो टाळून तुला इथे काम करता येणार नाही. बेळगावजवळच्या हलगा-मच्छे बायपासला आपल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला. पिकाऊ जमीन, त्यात लहान तुकडे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाजारभावावर शंभर टक्के सोलेशियम, म्हणजे जमीन सक्तीने जाते म्हणून वरची भरपाई आहे, खेड्यात बाजारभाव वाढवून धरणारा गुणकही आहे. तरी आकडा ऐकून शेतकऱ्याचं समाधान होत नाही. मिळण्याच्या आनंदापेक्षा तेवढंच गमावण्याचं दुःख माणसाला कितीतरी जास्त लागतं. आणि आपलं कुणी ऐकून घेतलं का, यावर तो निर्णय न्याय्य होता की नाही हे ठरवतो. नोटीस कन्नडमध्ये आली आणि घरात मराठीच वाचणारे असले, तर तिच्यातलं अर्धमुर्धं शेजाऱ्याकडून नाहीतर दलालाकडून कळतं. संशय तिथूनच सुरू होतो. तू कन्नड उत्तम शीक, लिहायलासुद्धा. आणि सर्व्हेला जाशील तेव्हा नकाशा दोन्ही भाषांत घेऊन जा, बांधावर बस, कुणाचा गोठा, कुणाची विहीर रेषेत येते ते आधी विचार. रेषा चार मीटर सरकवता येत असेल तर ती कागद पक्का होण्याआधीच सरकते.

पुढच्या शिक्षणाचं म्हणशील तर एम.टेक. ट्रान्सपोर्टेशन किंवा प्लॅनिंगला कर. त्याच्या जोडीला जाणिवा आणि निर्णय यांचं मानसशास्त्र, आणि भरपूर संख्याशास्त्र. नुसतं ‘लोकांना असं वाटतं’ म्हणून कुठलाही विभाग तुझं ऐकणार नाही. मोजून नेलंस तर ऐकावं लागेल.

प्रवेशाला अजून अवकाश आहे, तोवर एक काम कर. मध्यवर्ती बसस्थानकासमोर सकाळी एकदा आणि दिवेलागणीनंतर एकदा उभी राहा. किती जण कुठून रस्ता ओलांडतात, फूटपाथवरून खाली कुठे उतरतात, ओझं घेतलेली बाई कुठल्या उंच कडेपाशी अडते, अंधार पडल्यावर मुली कुठल्या वाटेने जायचं टाळतात, हे लिही. फूटपाथची कड १५० मिलिमीटरपेक्षा उंच नसावी असं आयआरसी, म्हणजे रस्त्यांची मानकं ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस, म्हणते. टेप घेऊन जा आणि मोजच. न टाळणाऱ्यांनाही का टाळत नाही ते विचार. तक्ता झाला की घेऊन ये, मग आपण दोघं बसून नकाशा काढू.

आईबाबांना नमस्कार सांग. त्यांना माझ्याशी बोलायचं असेल तर खुशाल फोन करू देत.

तुझा,
काका