कंपन्या आणि संस्था टोरेंट खरंच वापरतात का, की ते फक्त पायरसीसाठीच असतं?

वापरतात, आणि उघडपणे वापरतात. टोरेंट म्हणजे मोठ्या फाइलीचे तुकडे करून ती घेणाऱ्या मशीननीच ते एकमेकांना पोचवायची पद्धत. पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की ऑफिसातले साहेब म्हणाले, "टोरेंट म्हणजे चोरी, लिनक्सची आयएसओसुद्धा त्यातून घ्यायची नाही." (लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम, आणि आयएसओ म्हणजे ती बसवायची फाइल.) हेच वाक्य मी 2014 साली ऐकलंय, मेमोसकट. म्हणून लिहायला बसलो.

मी तेव्हा तालुक्याच्या गावातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब असिस्टंट होतो. दोन लॅब, 62 मशीन. सोमवारपासून तीन दिवसांचं वर्कशॉप होतं आणि बाहेरून शिकवायला येणाऱ्या सरांनी एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा तयार कॉम्प्युटर, करून दिलं होतं. 6 जीबीची एकच फाइल, प्रत्येक मशीनवर हवी. ती माझ्या हातात पडली शनिवारी दुपारी.

आधी पेनड्राइव्ह काढले. चारही फॅट32 या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेले, त्यावर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही. फॉरमॅट करून पुन्हा लावले तर मशीनमधला शॉर्टकट व्हायरस त्यांच्यात शिरला. मग सर्व्हरवर शेअर्ड फोल्डर केला. आता हिशोब बघा. सर्व्हरला 100 एमबीपीएसचं कार्ड, म्हणजे सेकंदाला फार तर 11 एमबी. 62 मशीन गुणिले 6 जीबी म्हणजे 372 जीबी. साडेनऊ तास, तेही मध्ये काही अडकलं नाही तर. वाढपी एक आणि पानं 62, दुसरं काय होणार? आणि सहा वाजता वॉचमन कुलूप लावायला येणार.

विभागप्रमुखांना जिन्यात गाठलं, टोरेंटनं वाटतो म्हणून सांगितलं. ते "करा, करा" म्हणाले आणि खाली उतरले.

लॅबच्या स्विचमधून इंटरनेटकडे जाणारी केबल मी आधी उपसली. सर्व्हरवर क्यूबिटटोरेंट हे टोरेंटचं सॉफ्टवेअर टाकलं, त्यातलाच ट्रॅकर (कोणती मशीन वाटपात आहेत ते एकमेकांना सांगणारा) चालू केला, फाइलचे 4 एमबीचे तुकडे पाडले. साधारण पंधराशे तुकडे झाले. दोघा विद्यार्थ्यांना हाताशी घेऊन सगळ्या मशीनवर ती टोरेंट उघडली. पहिली दोन-चार मिनिटं फक्त सर्व्हरच वाटत होता. मग मशीन एकमेकांना देऊ लागली. ज्याच्याकडे 40 नंबरचा तुकडा आलाय तो शेजाऱ्याला देतोय आणि त्याच्याकडून 900 नंबरचा घेतोय. प्रगतीची पट्टी डावीकडून उजवीकडे भरत नाही, मध्येच कुठेतरी निळ्या रेघा उमटतात, कारण जो तुकडा सगळ्यात कमी जणांकडे आहे तो आधी मागितला जातो. स्विचवरचे सगळे दिवे एकदम लुकलुकत होते. तसं ते स्विच मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. पाऊण तासात 61 मशीन पूर्ण.

राहिलं 17 नंबर. तिथे तुकडे येत होते आणि बाद होत होते. प्रत्येक तुकड्याचा हॅश, म्हणजे त्यातल्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा, तपासला जातो, जुळला नाही तर तो फेकून पुन्हा मागवला जातो. रॅम बदलून पाहिली, लगेच जुळायला लागले. रॅमच खराब होती. पेनड्राइव्हनं कॉपी केली असती तर ती बिघडलेली फाइल तशीच बसली असती आणि वर्कशॉपच्या मधोमध त्या मुलाचं मशीन बंद पडलं असतं.

वर्कशॉप नीट झालं. बुधवारी मेमो आला: "महाविद्यालयाच्या नेटवर्कवर टोरेंटद्वारे बेकायदेशीर डाउनलोड केल्याबद्दल खुलासा करावा." एका वरिष्ठ सरांनी स्क्रीनवर तो आयकॉन पाहिला होता. मी सांगितलं की केबल काढलेली होती, एक बाइटसुद्धा इमारतीबाहेर गेला नाही, फाइल वर्कशॉपवाल्या सरांचीच आहे. उत्तर आलं, "टोरेंट म्हणजे टोरेंट." विभागप्रमुखांना जिन्यातलं बोलणं आठवेना. माझ्या गोपनीय अहवालात शेरा बसला. आणि त्याच विभागाच्या कपाटात क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरच्या सीड्यांचा गठ्ठा होता, त्याबद्दल कुणाला कधी मेमो गेला नाही. मला हे अजूनही चुकीचं वाटतं. चोरी फाइलमध्ये असते, ती पोचवायच्या पद्धतीत नसते.

तुमच्या साहेबांना ही नावं सांगा. डेबियन आणि उबुंटू ही लिनक्सची रूपं आणि लिबरऑफिस हे ऑफिसकामाचं फुकट सॉफ्टवेअर, हे सगळे आपापल्या साइटवरच टोरेंट देतात. इंटरनेट आर्काइव्ह हे ऑनलाइन ग्रंथालय 2012 पासून आपल्या संग्रहाच्या टोरेंट देतं. ट्विटरनं 2010 मध्ये हजारो सर्व्हरवर नवा कोड पोचवायला बिटटोरेंटवरच (टोरेंटचं मूळ तंत्र) बेतलेली यंत्रणा लावली. जिथे आधी 40 मिनिटं लागायची तिथे काही सेकंदांत काम होऊ लागलं. दुखणं माझ्या लॅबचंच, फक्त मोठं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेमचे अपडेट कित्येक वर्षं खेळाडूंच्याच मशीनमधून एकमेकांना पोचत होते. कीविक्स या इंटरनेटशिवाय वाचायची सोय करणाऱ्या साइटवर आख्खा मराठी विकिपीडिया एका फाइलीत मिळतो, टोरेंटनंही घेता येतो. इंटरनेट नसलेल्या शाळेसाठी याहून चांगली भेट मला माहीत नाही. आणि विंडोज 10 आल्यापासून मायक्रोसॉफ्ट स्वतः हेच करतं. त्याला डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन म्हणतात. एका नेटवर्कवरची मशीन अपडेटचे तुकडे एकमेकांकडून घेतात. साहेबांच्याच मशीनमध्ये सेटिंग उघडून दाखवा. मला 2014 मध्ये हे दाखवता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

घरगुती वापराचं थोडक्यात. लॅपटॉप आणि फोनमधले फोटो जुळवून ठेवायला सिंकथिंग वापरा, मध्ये कुणाचा क्लाउड लागत नाही. लिनक्स उतरवलंत तर लगेच बंद करू नका, जितकं घेतलं तितकं तरी सीड करा, म्हणजे इतरांना देत राहा. घेऊन पळणाऱ्यांमुळे चांगल्या टोरेंट मरतात.

आता कायद्याचं, कारण मूळ प्रश्नात तेही होतं. सिनेमा, गाणी, विकत मिळणारं सॉफ्टवेअर टोरेंटनं घेऊ नका. टोरेंटमध्ये घेताना तुम्ही देतही असता, म्हणजे वाटप करणारे तुम्हीही ठरता, आणि तुमचा आयपी पत्ता बाकी सगळ्यांना दिसतो. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 63 मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे. 2016 मध्ये ब्लॉक केलेल्या साइटवर "नुसतं पाहणंही गुन्हा" असा इशारा यायचा, तो बरोबर नसल्याचं मुंबई उच्च न्यायालयानं तेव्हाच स्पष्ट केलं होतं. पण टोरेंट म्हणजे नुसतं पाहणं नव्हे, त्यामुळे त्या निकालाच्या आधारावर राहू नका.

ऑफिसच्या नेटवर्कवर करायचं असेल तर अपलोडला मर्यादा घाला, नाहीतर सगळ्यांचे व्हिडिओ कॉल अडकतील आणि तेव्हा साहेब बरोबर ठरतील. आणि परवानगी तोंडी घेऊ नका. फाइलचं नाव, ती कुणाची, किती मशीनवर, कोणत्या तारखेला, हे सगळं लिहून अर्ज दोन प्रतींत द्या आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का मारून घ्या.