बॅलेच्या ड्रेसला गॅसच्या दिव्यांमुळे आग लागायची हे खरंय का?
हो, खरंय. १८३२ ला पॅरिसमध्ये 'ला सिल्फीद' या बॅलेमध्ये मारी तालिओनी या डान्सरने पांढरा, तलम, पोटरीपर्यंत येणारा घेरदार झगा घातला आणि मग तीच फॅशन झाली, पण स्टेजवर गॅसचे उघडे दिवे आणि अंगावर जाळीसारखं हलकं कापड, म्हणजे विचारच करा. १८६२ मध्ये एमा लिव्री नावाच्या डान्सरचा स्कर्ट रिहर्सलमध्येच पेटला, काही महिन्यांनी १८६३ मध्ये ती गेली, वय फक्त वीस. कापड आगीपासून वाचवायचं केमिकल तेव्हा होतं हो, पण त्याने कापड कडक आणि मळकट दिसायचं म्हणून तिने स्वतःच नको म्हटलेलं! गुडघ्यावरचा आखूड टुटू, म्हणजे बॅलेचा घेरदार स्कर्ट, नंतरचा, त्यात इटालियन डान्सर्सचं अवघड फूटवर्क नीट दिसायचं.