जर्मनीतली नोकरी कराडमध्येच शोधायला लाग

तुझा मेल दोनदा वाचला. कराडला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहेस, सीजीपीए ८.२, जर्मनीत मास्टर्स करायचंय. शेवटी विचारलंस, "ताई, डिग्रीनंतर अठरा महिने मिळतात ना, तेवढ्यात नोकरी लागते का? बाबा कर्ज काढायला तयार आहेत, पण त्यांना कुणीतरी खरं काय ते सांगायला हवंय." बाबांनाही वाचून दाखवता यावं म्हणून सविस्तर लिहिते.

अठरा महिने मिळतात, हे खरं आहे. इथली पदवी हातात आली की नोकरी शोधायला तेवढी मुदत कायद्यानेच दिली आहे, आणि त्या काळात पोटापाण्यासाठी कुठलंही काम करता येतं. पण माझ्याबरोबरच्या ज्या मुलांनी शोधायला तेव्हा सुरुवात केली, त्यांचे हाल मी जवळून पाहिले आहेत. ज्यांना लगेच नोकरी लागली, त्यांची शिकत असतानाच ठरल्यात जमा होती. इथे कॅम्पस प्लेसमेंट नसतं. सकाळी अ‍ॅप्टिट्यूड, दुपारी इंटरव्ह्यू आणि संध्याकाळी नोटीस बोर्डावर यादी, असं काही होत नाही. विद्यापीठ शिकवतं, परीक्षा घेतं, पुढचं आपलं आपण बघायचं.

मी मिरजेची. ऑक्टोबर २०१६ मध्ये उत्तर जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगला मास्टर्ससाठी आले तेव्हा माझी जर्मन भाषेची ए१, म्हणजे सगळ्यात खालची पातळी, तेवढी झाली होती. कोर्स इंग्रजीत, मग भाषा तिथे गेल्यावर आपोआप येईल, असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं आणि मी ते धरून चालले. आपोआप काही येत नाही. दिवसभर लेक्चर आणि लॅब, रात्री असाइनमेंट, स्वयंपाक, कपडे, आणि हॉस्टेलवर सगळे इंग्रजी नाहीतर हिंदी बोलणारे. दुसऱ्या सेमिस्टरला मी कंपन्यांत कामासाठी साठेक अर्ज केले. उत्तरं येत त्यात एक शब्द हमखास असे, 'लायडर'. म्हणजे 'दुर्दैवाने'. पुढे पुढे मेल उघडला की डोळे आधी तोच शब्द शोधायचे.

एका कंपनीने मात्र बोलावलं. टेस्टिंग विभागातलं काम होतं, माझ्या बीईच्या प्रोजेक्टशी अगदी जुळणारं. विभागप्रमुखांनी जर्मनमध्ये म्हटलं, तुमच्या प्रोजेक्टबद्दल सांगा. तीन वाक्यं झाली आणि माझे शब्दच संपले. त्यांनी सौजन्याने इंग्रजी सुरू केलं, पाऊण तास छान बोलले, आणि आठवड्याने नकार आला. कारण त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं: टेस्ट बेंचवरचे तंत्रज्ञ जर्मन बोलतात, सुरक्षेच्या सूचना जर्मनमध्ये आहेत, रिपोर्टही जर्मनमध्येच लागतो. मला त्यात अन्याय वाटला नाही. चाकणच्या शॉपफ्लोअरवर मराठी-हिंदीचं अक्षरही न येणारा माणूस उभा केला तर काय होईल, तेच हे.

म्हणून तुला पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं सांगणं: विमानात बसण्याआधी जर्मनची बी१ (ए१, ए२ नंतरची पातळी) पूर्ण कर, तिच्या पुढच्या बी२ला सुरुवात झाली तर फारच उत्तम. तुझ्याकडे सव्वा-दीड वर्ष आहे आणि घरचं जेवण आहे. इथे यातलं काहीच मिळणार नाही. पुण्याला जाऊन राहणं जमत नसेल तर ऑनलाइन वर्ग कर, पण परीक्षा पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनातच, म्हणजे जर्मन शिकवणाऱ्या गोएथे संस्थेतच, दे. तिथलं प्रमाणपत्र इथे सगळे ओळखतात. शेवटच्या वर्षी मित्र गेट किंवा कॅटचा अभ्यास करतील, त्यांच्याइतकेच तास तू भाषेला दे.

आता इथे नोकरीची वाट कशी तयार होते ते सांगते. तिची पहिली पायरी 'हीवी', म्हणजे विद्यापीठाच्या एखाद्या इन्स्टिट्यूटमध्ये विद्यार्थी-सहायक. त्या नकारानंतर मी एका लेक्चरनंतर थांबून पीएचडी करणाऱ्या सहायकाला सरळ विचारलं, तुमच्या लॅबमध्ये डेटा लावायला कुणी हवंय का? मॅटलॅब (आकडेमोडीचं सॉफ्टवेअर) येतं हे मी घरून केलेल्या एका छोट्या कामावरून दाखवलं. महिन्याला चाळीस तासांचं काम मिळालं. अशा लॅबमध्ये भाषेची अट सैल असते, आणि विद्यापीठातलं हे काम व्हिसाच्या कामाच्या दिवसांत मोजलं जात नाही. तोवर संध्याकाळी भाषेचा वर्ग चालूच ठेवला.

दुसरी पायरी 'वेर्कश्टुडंट'. कंपनीत, आपल्या विषयाचं काम, सेमिस्टर चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत. आपल्यासारख्या परदेशी विद्यार्थ्यांना मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. माझ्या वेळी ते १२० आणि २४० होते. ही नोकरी म्हणजे लांबलेला इंटरव्ह्यूच असतो. इथे कायम नोकरीतला माणूस काढणं सोपं नसतं, म्हणून कंपन्या पारखून घेतात, आणि वर्षभर डोळ्यांसमोर काम केलेल्या मुलीला पारखायचं काही उरत नाही. माझं तेच झालं. हीवीच्या अनुभवावर वेर्कश्टुडंट झाले, त्याच विभागात मास्टर्सचा थिसिस केला आणि २०१९ मध्ये त्यांनीच घेतलं. पदवीनंतर मला त्या अठरांपैकी दोन महिनेही लागले नाहीत.

इंटर्नशिपबद्दल थोडक्यात: अभ्यासक्रमातच सक्तीची इंटर्नशिप असेल असा कोर्स मिळाला तर बरं. ऐच्छिक इंटर्नशिप तीन महिन्यांवर गेली की कंपनीला किमान वेतन द्यावं लागतं, सक्तीचीला ती अट नाही, त्यामुळे कंपन्या सक्तीच्यांना पटकन घेतात.

आता तुझा सीव्ही. वडिलांचं नाव, खाली 'वरील माहिती खरी आहे' असं घोषणापत्र, छंद म्हणून क्रिकेट, हे सगळं काढ. तक्ता असावा तसा स्वच्छ, महिना-वर्षासकट, अलीकडचं आधी. मधे सहा महिने रिकामे दिसले तर ते विचारतातच, तेव्हा भाषेचा वर्ग असेल तर तो तिथे लिही. मार्कांचं रूपांतर करायला त्यांचं एक सूत्र आहे. कमाल १० आणि पास ४ धरलं तर तुझे ८.२ म्हणजे त्यांचे १.९ होतात. इथे १ सर्वोत्तम आणि ४ काठावर पास. १.९ चांगलेच आहेत, काळजी करू नकोस.

आणि अनुभवपत्र. चाकणला किंवा रांजणगावला जी काही इंटर्नशिप करशील, तिचं पत्र सहीशिक्क्यासकट घेऊनच बाहेर पड, त्यात तारखा आणि नेमकं काय काम केलं ते हवं. इथल्या कंपनीचं असं पत्र कायद्याने हितकारक भाषेत द्यावं लागतं, म्हणून त्यांची एक गुप्त लिपीच तयार झाली आहे. 'आमच्या समाधानाप्रमाणे काम केलं' हे कानाला गोड लागतं, पण त्याचा अर्थ जेमतेम. 'नेहमीच, आमच्या पूर्णात पूर्ण समाधानाप्रमाणे' असं असेल तर पहिला नंबर. माझ्या एका मैत्रिणीने पहिल्या प्रकारचं पत्र वर्षभर अभिमानाने जोडलं. तू पत्र मिळालं की एखाद्या जर्मन माणसाला दाखव. बदलून मागता येतं.

बाबांसाठी पैशाचं. व्हिसासाठी उघडायच्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरावे लागतात, त्यातले महिन्याला ९९२ मिळतात. जानेवारी २०२६ पासून किमान वेतन ताशी १३.९० युरो आहे. महिन्याला ऐंशी तास धरले तर साधारण ११०० युरो, त्यातून वेर्कश्टुडंटच्या पेन्शनचे ९.३ टक्के कापले जातात. म्हणजे काम मिळाल्यावर तुझा राहण्याजेवणाचा खर्च निघेल. कर्जाचा हप्ता निघणार नाही. 'तिथे कमवून शिकतील' असं सांगणाऱ्या एजंटावर बाबांनी विश्वास ठेवू नये. आणि पहिलं वर्ष कमाई शून्य धरूनच कर्जाचा हिशेब मांडा. ब्राउनश्वाइगसारख्या ठिकाणी सरकारी विद्यापीठाला शिक्षणशुल्क नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र २०१७ पासून आपल्याला सेमिस्टरला १५०० युरो पडतात, ते विद्यापीठांची यादी करताना बघ. आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचं एपीएस प्रमाणपत्र नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं झालंय, त्याच्या कामाला उशीर करू नकोस.

एक गोष्ट मनाला लागेल, तरी लिहिते. तुला 'ऑटोमोटिव्ह इंजिनिअरिंग'च हवंय. फोक्सवागनने डिसेंबर २०२४ मध्ये कामगार संघटनेशी जो करार केला, त्यात २०३० पर्यंत जर्मनीतल्या ३५ हजारांहून जास्त जागा कमी करायचं ठरलं. मी फोक्सवागनच्याच भागात शिकले, तिथल्या मुलांचे हल्लीचे फोन ऐकते. गाडीचं वेड असू दे, पण कोर्स जरा रुंद घे: मेकॅट्रॉनिक्स, ऊर्जा, उत्पादन तंत्रज्ञान. मी स्वतः आता स्टुटगार्टजवळ यंत्रं बनवणाऱ्या एका दोनशे माणसांच्या कंपनीत आहे. अशा शेकडो कंपन्या इथे खेड्यापाड्यांत आहेत, माणसं शोधत असतात, पण त्यांच्या जाहिराती जर्मनमध्ये आणि त्यांची कँटीनही जर्मनमध्ये. पुन्हा तिथेच आलो.

नोकरी लागली तर ब्लू कार्डसाठी (उच्चशिक्षित परदेशी माणसांचा राहण्या-कामाचा परवाना) नव्या पदवीधराला २०२६ मध्ये वर्षाला सुमारे ४५,९३४ युरो पगार लागतो. इंजिनिअरला तो मिळणं अवघड नाही. अवघड आहे ते पहिलं दार उघडणं.

पुढच्या महिन्यात ए१चा वर्ग सुरू कर आणि पहिली चाचणी झाली की मला जर्मनमध्ये चार ओळी पाठव. चुका असल्या तरी चालतील, मी दुरुस्त करून परत पाठवीन. सीव्ही त्यानंतर बघू.