हजार रुपयांत स्वयंपाकघरातलं सामान कसं लावावं?

भाड्याच्या दोन खोल्या, सगळा किराणा रबर लावलेल्या पिशव्यांत, डाळीत टोके, हातात हजार रुपये. तर कोणते डबे घ्यावेत, असं तुम्ही विचारलंय.

मी सोलापुरात अशाच पत्र्याच्या दोन खोल्यांत संसार केलाय. पहिल्याच वर्षी हौसेनं एकसारख्या बरण्यांचा सेट आणला. एकेका बरणीत किलोभरही मावेना, उरलेलं परत पिशवीतच. त्या पिशवीतले टोके बरणीत गेले आणि पाच किलो तूरडाळ पाखडता पाखडता मला रडू फुटलं. म्हणून सांगते, आधी महिनाभर कशाला किती लागतं ते लिहून काढा, मग डबे घ्या.

ज्वारीसाठी तेलाचा १५ किलोचा रिकामा पत्र्याचा डबा घ्या. त्यात साधारण १२ किलो ज्वारी बसते. किराणावाल्याला किंवा भजीवाल्याला सांगून ठेवलं की स्वस्तात मिळतो. झाकण मात्र घट्ट बसणारं करून घ्या. गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्यानं घासा, कडेच्या घडीत जुना ब्रश घाला, कारण तेल तिथेच लपून राहतं. दोन दिवस उन्हात ठेवून नाकाजवळ धरून बघा. खवट वास आला तर पुन्हा धुवा, घाई करू नका.

रब्बीची नवी ज्वारी आली की लोक चार-सहा महिन्यांची भरून ठेवतात. जागा नसेल तर दोन महिन्यांचीच घ्या. आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन फुकटचं आहे, त्यात ज्वारी-डाळ पातळ पसरून कडक वाळवा. पण वाळवलेलं धान्य पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. गरम भरलं तर आत घाम सुटतो आणि बुरशी धरते. कडुलिंबाचा पालाही सावलीत कुरकुरीत वाळवूनच घाला, ओला अजिबात नको. तूरडाळीला किलोमागे छोटा चमचाभर एरंडेल चोळलं की टोके लागत नाहीत. शिजवताना डाळ चांगली धुवायची, एवढंच.

शेंगदाण्याची जास्त काळजी घ्या. चटणीशिवाय आपलं पान हलत नाही, म्हणून लोक एकदम पाच किलो आणतात, आणि उन्हाळ्यात दाणे खवट होतात. कच्चेच ठेवा, आठवड्यापुरते भाजा आणि कूटही तेवढाच करा. काळपट, बुरशीचा दाणा दिसला तर निवडून फेका, भाजून खायचा नाही.

रवा कोरडा भाजून, गार करून भरा. मसाल्यांना, मोहरी-जिऱ्याला जुन्या बरण्या चालतात.

गॅसच्या वरची फळी सगळ्यात तापते. तिथे मीठ, साखर ठेवा. तेल आणि दाणे खाली, भिंतीच्या गारव्याला. कांदे-बटाटे वेगवेगळ्या टोपल्यांत, वारा लागेल असे.

जुन्या डाळीवर नवी ओतू नका, कितीही घाईत असलात तरी. तळाची मूठभर वाटीत काढा, डबा कोरडा पुसा, नवी भरा आणि वाटीतली त्याच दिवशी आमटीला लावा. माझे चार मोठे डबे दोनशेच्या आत आले. तुमचे उरलेले पैसे एका बऱ्या चाळणीला आणि सुपाला ठेवा.