इंटरव्हेन्शनल कार्डिऑलॉजीचे (छाती न उघडता, शिरेतून वायर-नळी नेऊन हृदयावर उपचार करण्याची शाखा) प्रोफेसर दिवसभर अँजिओप्लास्टीच करतात का? मग संशोधन कधी करतात?

मुलगी बारावीला आहे, तिला याच लायनीत प्रोफेसर व्हायचंय, आणि त्यासाठी परदेशात जावंच लागतं का, असंही तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही, आधीच सांगतो. कोल्हापुरात कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत, टेक्निशियन आहे. त्याआधी सात वर्षं पुण्यात एका टीचिंग हॉस्पिटलमध्ये होतो. त्यामुळे ही माणसं मी स्टेजवर कमी आणि एक्स-रेपासून बचावाच्या जड लेड अ‍ॅप्रनमध्ये घामाघूम झालेली जास्त बघितलीत.

वर्षांचा हिशेब पटकन उरकतो. एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच, एमडी मेडिसिन तीन, डीएम कार्डिऑलॉजी तीन. झाली साडेअकरा, तीही प्रत्येक प्रवेश परीक्षेत पहिल्या दमात नंबर लागला तर. त्यानंतर असिस्टंट, असोसिएट आणि मग प्रोफेसर. एवढं ऐकून मुलगी डगमगली नसेल तर पुढचं तिलाच वाचायला द्या.

हातातलं काम दिसतं तसं सोपं नाही. मनगटाच्या शिरेतून जी वायर हृदयापर्यंत नेतात ती 0.014 इंच जाडीची, म्हणजे मिलिमीटरच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढी. पुण्यातले आमचे प्रोफेसर, म्हणजे सर, तिच्या टोकाला नखाने हलका बाक द्यायचे. शिकाऊ डॉक्टर दहा मिनिटं खटपट करून दमायचा. सर वायर मागे घ्यायचे, बाक किंचित बदलायचे आणि ती ब्लॉकच्या पलीकडे. मग ब्लॉकच्या जागी फुगवून शीर मोकळी करणारा बलून. मी प्रेशर मोठ्यानं वाचायचो, आठ, दहा, बारा. पेशंट जागाच असतो. बलून फुगला की त्याच्या छातीत तेच ओळखीचं दुखणं उठतं आणि ईसीजीची रेघ वर सरकते. बलून सोडला की दोन्ही खाली. हे मी हजारदा बघितलं असेल, तरी त्या वीस सेकंदांत माझी नजर मॉनिटरवरून हटत नाही.

हे तंत्र ज्यानं काढलं तो आंद्रेआस ग्रुंटझिग. झुरिकमध्ये घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बलून जुळवत बसायचा. 16 सप्टेंबर 1977 ला त्यानं 38 वर्षांच्या पेशंटवर पहिली कॉरोनरी अँजिओप्लास्टी केली. लोकांना संशोधन म्हटलं की असंच काहीतरी डोळ्यासमोर येतं, नवं यंत्र, नवा स्टेंट (शीर उघडी ठेवणारी बारीक जाळी). तेही आहेच. पण माझ्या मते प्रोफेसरचं खरं काम वेगळं आहे: आपण रोज जे करतो त्यानं पेशंटला खरंच फरक पडतो का, हे तपासायचं. आणि उत्तर गैरसोयीचं आलं तरी छापायचं.

उदाहरण मुलीला मुद्दाम सांगा. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या रशा अल-लामी, स्वतः स्टेंट टाकणाऱ्या बाई. त्यांनी ऑर्बिटा नावाचा अभ्यास केला. चालताना छाती भरून येणारे, पण हार्ट अ‍ॅटॅक नसलेले 200 पेशंट. सगळ्यांना आधी सहा आठवडे नीट औषधं दिली. मग कॅथलॅबमध्ये नेऊन गुंगी दिली आणि कानावर हेडफोन लावले, म्हणजे डॉक्टरांचं बोलणं कानावर पडायला नको. चिठ्ठी निघेल तसं काहींना स्टेंट, काहींना नुसतंच टेबलावर झोपवून ठेवलं. कुणाला काय केलं हे पेशंटला माहीत नाही आणि नंतर तपासणाऱ्यालाही नाही. सहा आठवड्यांनी ट्रेडमिलवर किती वेळ चालता येतं यात दोन्ही गटांतला फरक निघाला 16.6 सेकंद, म्हणजे योगायोगाचा म्हणावा इतका. हे 2017 साली आलं तेव्हा आमच्या लॅबच्या चहाच्या टपरीवर दोन डॉक्टर अक्षरशः हमरीतुमरीवर आले. एकाचं म्हणणं, असं टेबलावर फसवणं बरोबर नाही. सर म्हणाले, "मग न तपासता टाकत राहणं बरोबर आहे का?"

त्याच बाईंनी पुढे 301 पेशंट घेऊन दुसरा अभ्यास केला. यावेळी छातीदुखीची औषधं बंद ठेवली होती. 2023 मध्ये निकाल आला: स्टेंटनं दुखणं खरंच कमी होतं. दोन निकाल, दोन्ही त्यांचेच. मला हे फार मोठं वाटतं. (चालू अ‍ॅटॅकमध्ये यातला शब्दही लावू नका. तिथं शीर उघडायला लागतेच, आणि जितकी लवकर तितकी चांगली.)

बढतीपुरते छापलेले पेपरही मी बघितलेत, ते सोडा.

आता परदेशाचं. गेलं तर उत्तमच, पण गेलंच पाहिजे असं नाही. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधून क्रिएट नावाची, हृदयविकाराच्या पेशंटांची नोंदणी चालवली गेली. देशभरातल्या 89 हॉस्पिटलांतले 20,468 पेशंट, 2008 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. त्यात निघालं की अ‍ॅटॅकचा आपला पेशंट दुखायला लागल्यापासून हॉस्पिटलात पोचेपर्यंत साधारण 360 मिनिटं जातात. सहा तास! यात नवं यंत्र कुठलंच नाही, नीट विचारलेला एक प्रश्न आहे.

सरांनी ती सवय आम्हाला लावली. नातेवाइकांना दोन वेळा वेगवेगळ्या विचारायच्या: दुखायला कधी लागलं, आणि गाडीत कधी बसवलं. कोल्हापूरला आल्यावरही मी एका वहीत हे दोन रकाने आखून ठेवलेत. मध्यंतरी गगनबावड्याकडचे एक काका आले. दुखायला लागलं रात्री दहाला, गाडीत बसवलं पहाटे तीनला. मधे काय केलं विचारलं तर थोरला म्हणाला, "पित्त वाटलं ओ. सोडा दिला, ढेकर आला, मग झोपलो सगळी."

वहीत तिसरा रकाना नव्हता. त्या दिवशी आखला: 'मधे काय केलं'.