बालीतील रोजचे नैवेद्य : पाय पडला तर?

बालीत पदपथावर, दुकानांच्या उंबऱ्यापाशी, अगदी स्कूटरवरसुद्धा फुलांच्या लहान परड्या ठेवलेल्या असतात; त्यांवर चुकून पाय पडला तर दोष लागतो का आणि ही पूजा आपल्यासारखीच आहे का, असे आपण विचारले आहे. बालीतल्या उबुद गावी एका कुटुंबाकडे मी तीन आठवडे राहिलो होतो. तेथे पाहिले त्यावरून लिहितो.

या परडीला ‘चानांग सारी’ म्हणतात. माडाच्या कोवळ्या पातीची ही परडी असते. तळाशी पान, चुना व सुपारी यांची बारीकशी पुडी आणि वर दिशेनुसार फुले : पूर्वेला पांढरी, दक्षिणेला तांबडी, पश्चिमेला पिवळी, उत्तरेला निळी किंवा हिरवी. त्या घरची सून रोज सकाळी कमरेला शेला बांधून तबक घेऊन निघत असे. परडी ठेवायची, उदबत्ती लावायची, फुलाने पाणी शिंपडायचे आणि तेच फूल बोटांच्या टोकांत धरून धूर हलकेच देवाकडे सारायचा, एवढे ती प्रत्येक ठिकाणी करी, आणि घाईच्या दिवशीही तो हात सावकाशच फिरे. ‘सारी’ म्हणजे सार. धुराबरोबर ते देवाला पोचले की मागे पाने-फुलेच उरतात. ती कोंबड्या विस्कटतात आणि नंतर केरात जातात. म्हणून उदबत्ती जळत असेल तर परडी ओलांडू नये, बाजूने जावे. विझलेल्या परडीवर नकळत पाय पडला तर कोणी दोष देत नाही.

‘आपल्यासारखीच’ असे म्हणण्याची मात्र घाई करू नये. ओळखीच्या खुणा पुष्कळ आहेत. तेथील त्रिसंध्येची, म्हणजे दिवसातून तीनदा करायच्या प्रार्थनेची, सुरुवात गायत्री मंत्राने होते. सकाळचा स्वयंपाक झाला की कोणी जेवण्याआधी केळीच्या पानाच्या तुकड्यांवर चिमूटभर भात व मीठ घालून चुलीपाशी, पाण्यापाशी ठेवतात. ते पाहून मला आजोबांच्या चित्राहुती आठवल्या. शक संवतही तेथे चालतो : 22 मार्च 2023 रोजी आपला गुढीपाडवा होता आणि त्याच दिवशी तेथे शके 1945 चे ‘न्येपी’, म्हणजे तेथील नववर्षाचा पहिला दिवस. पण आपण त्या दिवशी गुढी उभारून गोडधोड करतो, तर तेथे विस्तव पेटत नाही, कोणी घराबाहेर पडत नाही, विमानतळसुद्धा 24 तास बंद असतो.

मला सर्वांत मोलाचा वाटला तो ‘सेगेहान’. देवांचा नैवेद्य उंचावर, देव्हाऱ्यात ठेवतात. हा मात्र जमिनीवर, दारात ठेवतात. रंगवलेला भात, कांदा, आले, मीठ असे त्यात असते आणि तो त्रास देऊ शकणाऱ्या शक्तींसाठी असतो. त्यांना नुसते हाकलून लावायचे नाही, त्यांचा वाटा देऊन समतोल राखायचा, ही समजूत तेथील साध्या घरातही रोजच्या व्यवहारात दिसते.

देवळात जाताना सारोंग (कमरेला गुंडाळायचे लुंगीसारखे वस्त्र) व कमरेचा शेला हवाच. घरात सुतक असेल तर किंवा मासिक पाळीत प्रवेश करू नये, अशा पाट्या बहुतेक ठिकाणी असतात. आपले मत काहीही असले तरी पाहुण्याने तो नियम पाळावा. पूजा चालू असताना पुजाऱ्यापेक्षा उंच जागी उभे राहू नये व त्याच्या समोरून जाऊ नये. कोणी तीर्थ दिले तर ओंजळीत घेऊन प्यावे आणि नंतर मिळणारे ओले तांदूळ कपाळाला लावावेत.