पाइप लावण्याआधी जेट हातात घ्या

प्रश्न : माझ्याकडे 90 सीसीची जुनी टू-स्ट्रोक एटीव्ही (चार चाकांची, कच्च्या वाटेवर चालणारी गाडी) आहे. गियर नाहीत, बेल्टवर चालते. मोकळ्या सपाट जागेत ताशी 55 किलोमीटरपर्यंत जाते, मला 80 गाठायचे आहेत. मित्र म्हणतो, एक्झॉस्टला रेसिंग पाइप लाव आणि एअर फिल्टर काढून टाक, बाकी काही करावं लागत नाही. पाइप आणून ठेवला आहे. सुरुवात कुठून करू? गाडी मीच चालवतो, पण 13 वर्षांचा मुलगाही अधूनमधून मागतो.

उत्तर : पाइप आणलात हे चांगलं केलंत, पण तो आज लावू नका. आणि फिल्टरला हात लावू नका. टू-स्ट्रोकमध्ये कार्बोरेटरमधून आलेली हवा आधी क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या बंद पेटीत) जाते, तिथल्या बेअरिंगांवरून फिरून मग सिलिंडरमध्ये चढते. एटीव्ही तर धुळीतच चालते. ही धूळ ऑइलमध्ये कालवली गेली की रिंगा, बोअर आणि बेअरिंग सगळंच घासून टाकते. चांगल्या फोमचा, ऑइल लावलेला फिल्टर ठेवून जी ताकद मिळेल तीच खरी.

आता 80 च्या आकड्याबद्दल. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी ताकद घनाने. 55 वरून 80 म्हणजे नुसत्या हवेपुरता हिशेब केला तरी सुमारे तिप्पट ताकद हवी. पाइप, जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र) आणि रोलर (बेल्टच्या पुढच्या पुलीतली छोटी वजनं) नीट जुळवून 90 सीसीचं इंजिन तिप्पट होत नाही. तुम्हाला मिळेल तो मुख्यतः पिकअप, आणि वरच्या वेगात थोडी भर. तेवढ्यावर समाधान असेल तर पुढचं वाचा. नसेल तर मोठ्या इंजिनाची गाडी बघा, या ब्लॉकला छळू नका.

सगळ्यात आधी गाडीने गमावलेली ताकद परत मिळवा. जुन्या इंजिनाचे क्रँकचे ऑइल सील कडक होतात आणि बाहेरची हवा आत ओढतात. इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून क्रँककेसमध्ये साधारण 6 पीएसआय दाब भरा आणि काही मिनिटं काटा बघत राहा. तो भराभर उतरला तर साबणाचं पाणी लावून गळती शोधा. रीडच्या (इनटेकमधल्या एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपेच्या) पाकळ्या उजेडासमोर धरा. फट दिसली किंवा टोक तुटलेलं असलं तर बदला. मग कंपनीने मुद्दाम लावलेल्या अडवणुकी तपासा : थ्रॉटलचा मर्यादा स्क्रू, एक्झॉस्टच्या तोंडाशी बसवलेली वॉशर, व्हेरिएटरमधली (बेल्टच्या पुढच्या पुलीतली) कॉलर. अनेक छोट्या एटीव्हींत यांपैकी काहीतरी असतंच. अशा गाडीला 55 च्या पुढे जायला पाइपचीही गरज लागत नाही.

पाइपकडे वळू. टू-स्ट्रोकचा फुगीर पाइप नुसता धूर बाहेर टाकत नाही. त्याचा रुंदावणारा भाग दाबाची लाट उलटी करून सिलिंडर रिकामा करायला मदत करतो, आणि पुढचा निमुळता भाग बाहेर निसटलेलं ताजं मिश्रण एक्झॉस्टचं तोंड बंद व्हायच्या आत परत ढकलतो. हे शास्त्र 1950 च्या दशकात पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीत वाल्टर काडेन यांनी पक्कं केलं. 1961 मध्ये त्यांच्या 125 सीसीच्या रेसिंग इंजिनाने 25 अश्वशक्ती दिली. मला आजही या माणसाबद्दल अपार आदर वाटतो. पण लाटेला वेळेचं बंधन असतं. पाइप ज्या आरपीएमसाठी बनवला आहे त्याच्या आसपासच तो काम करतो, त्याच्या खाली इंजिन आधीपेक्षाही मंद वाटू शकतं.

म्हणून पाइप, जेट आणि रोलर हे एकच काम आहे. पाइपमुळे इंजिन जास्त हवा घेऊ लागतं आणि जुन्या मेन जेटमधून पुरेसं पेट्रोल येत नाही. मिश्रण कोरडं झालं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं, की पिस्टन तापतो. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळत असाल तर त्याच वेळी ऑइलही कमी पडतं. माझ्याकडे येणाऱ्या जाम झालेल्या पिस्टनांवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे असतात, आणि विचारलं की बहुतेक वेळा उत्तर तेच : पाइप नवा, जेट जुना.

तेव्हा पाइप लावाल त्याच दिवशी मेन जेट मुद्दाम दोन-तीन नंबर मोठा टाका आणि तिथून एकेक नंबर खाली या. इंजिन पूर्ण थ्रॉटलला घुसमटत असेल तर जेट अजून मोठा आहे. घुसमट गेली की नवा प्लग लावा, मोकळ्या जागेत थोडं अंतर पूर्ण थ्रॉटलवर चालवा आणि थ्रॉटल उघडा असतानाच किल स्विच दाबा. प्लग काढून टोकाकडे पाहू नका. पांढरी चिनीमाती जिथे आत लोखंडात जाते तिथे बॅटरीच्या उजेडात बघा. तिथे फिकट तपकिरी कडं हवं. काळं, ओलं असेल तर पेट्रोल जास्त आहे. पांढरंफटक असेल तर लगेच थांबा आणि जेट वाढवा. अर्ध्या थ्रॉटलला गडबड असेल तर कार्बोरेटरमधल्या नीडलची (सुईची) क्लिप सरकवा, मेन जेट नाही.

रोलर हलके केले की इंजिन जास्त आरपीएमवर राहतं, म्हणजे पाइपच्या जागेत येतं. एका वेळी प्रत्येकी अर्धा ग्रॅमच कमी करा. इंजिन किंचाळतंय आणि गाडी मागेच राहतेय असं झालं तर जास्त हलके झाले. पुढच्या पुलीच्या तोंडावर मार्करने मध्यापासून कडेपर्यंत एक रेघ ओढा आणि पूर्ण वेगात फेरी मारून या. बेल्टने रेघ कडेपर्यंत पुसली नसेल तर तुमचा वरचा वेग तिथेच अडकला आहे.

मुलाबद्दल स्पष्ट सांगते : बदल केल्यावर ही गाडी त्याला देऊ नका. वयाचं स्टिकर मूळ वेगासाठी लावलेलं असतं. या छोट्या एटीव्हींना मागे सहसा डिफरन्शियल नसतो, दोन्ही चाकं एकत्र फिरतात, वळताना अंगाचा भार नीट टाकला नाही तर गाडी सरळ जाते किंवा कलंडते. ब्रेकही जुन्या वेगाचेच आहेत. तुमच्यासाठीसुद्धा शूज किंवा पॅड आधी बदला.

प्रश्न : इंजिन सुरक्षित राहावं म्हणून पेट्रोलमध्ये नेहमीपेक्षा जास्त ऑइल घालते. बरोबर आहे का?

उत्तर : जेटमधून जाणाऱ्या द्रवात ऑइल वाढलं की पेट्रोल तेवढं कमी होतं, म्हणजे मिश्रण थोडं कोरडंच होतं. 50:1 ला (50 भाग पेट्रोल, 1 भाग ऑइल) लिटरमागे 20 मिलिलिटर ऑइल लागतं, 32:1 ला सुमारे 31. तुमच्या मॅन्युअलमध्ये जे प्रमाण आहे ते मापाच्या भांड्याने मोजून घाला. प्रमाण बदलायचंच असेल तर त्यानंतर प्लग पुन्हा बघा आणि गरज पडली तर जेट बदला.